मापे बसवून घ्या, कात्री नंतर: व्हीलचेअरवरील आणि एका हाताने कपडे घालणाऱ्या माणसांसाठी शिवणकाम

व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासाठी मुद्दाम शिवून घेतलेली पँट माझ्याकडे दुरुस्तीला येते, तेव्हा मी ती हातात उभी धरून पाहत नाही. टेबलाच्या कडेवर ती बसल्यासारखी दुमडून ठेवते. चूक बहुधा तिथेच दिसते. मागची कमर खाली ओढली गेलेली असते, पोटाजवळ कापडाचा गठ्ठा जमलेला असतो आणि मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचे खालचे तोंड, घोट्याच्या बरीच वर चढलेली असते. शिवण उत्तम असते, काजे सुबक असतात. माप मात्र उभ्या माणसाचे असते, किंवा घरच्यांनी आणून दिलेल्या जुन्या पँटवरून उतरवलेले असते.

दुसरी चूक क्रमाची आहे. घरची मंडळी आणि शिंपी दोघेही आधी बंद, म्हणजे कपडा मिटवायची बटणे, हूक, चेन वगैरे, ठरवतात (‘सगळीकडे वेल्क्रो लावून टाका’) आणि मग कापड, माप, आकार यांच्याकडे वळतात. खरा क्रम याच्या उलट आहे: आधी पाहणे, मग मोजणे, मग कापड, मग कच्चा (घालून पाहण्यापुरता शिवलेला) कपडा आणि सर्वांत शेवटी बंद.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवलेले आहेत आणि त्या सर्वांच्या कपड्यांच्या गरजा एका लेखात मावणार नाहीत. गोव्यात माझ्याकडे सर्वाधिक येतात ती दोन प्रकारची माणसे येथे डोळ्यांसमोर ठेवली आहेत: दिवसभर व्हीलचेअरवर बसणारी आणि पक्षाघातामुळे किंवा अन्य कारणाने एकाच हाताने कपडे घालणारी.

टप्पा १: टेप हातात घेण्यापूर्वी पाहा

पहिल्या भेटीत माप घेऊ नका. माणूस रोज जो शर्ट किंवा ब्लाऊज घालतो तोच त्याला घालायला आणि काढायला सांगा, अर्थात त्याची संमती घेऊन आणि घरातील त्याला सोयीच्या व्यक्तीसमोर. तुम्ही मदत करू नका. हात कुठे अडकतो, कोणता हात पुढे जातो, दातांची मदत कुठे घ्यावी लागते, कुठे थांबून दम खाल्ला जातो, हे वहीत उतरवा. तीन प्रश्न मात्र स्पष्ट विचारा: कपडे स्वतः घालता की कोणी घालते, शौचालयाला जाताना कपडा कसा सरकवता, आणि सलग किती तास बसून असता.

या पाहणीचे महत्त्व मला माझ्याच घरात कळले. आईच्या उजव्या अंगाला पक्षाघात झाल्यावर मी तिला पुढून उघडणारा, ऐसपैस मुंढ्याचा (बाही जोडतात त्या घेराचा) ब्लाऊज शिवला, हूकही मुद्दाम मोठे घेतले आणि काम छान झाले असे समजून मोकळी झाले. चौथ्या दिवशी तो धुवायला घेतला तेव्हा आतून चार सेफ्टी पिना निघाल्या. हूक डाव्या हाताने लागतच नव्हते, कारण आयलेटची पट्टी दुसऱ्या हाताने ताणून धरल्याशिवाय हूक अडकत नाही, आणि दुसरा हात तर मांडीवर निपचित पडलेला असे. ती पदराखाली पिना लावून वेळ निभावत होती. मी एकदाही तिला ब्लाऊज घालताना पाहिले नव्हते.

तपासा: वहीत तुम्ही लिहिलेल्या अडचणी त्या व्यक्तीला वाचून दाखवा. ‘हे खरे, पण ते नाही’ असे किमान एकदा तरी ऐकू येते, आणि ते कापड फाडण्यापूर्वी ऐकलेले बरे.

टप्पा २: बसलेली मापे

माणूस रोज ज्या खुर्चीत आणि ज्या उशीवर बसतो तिथेच बसवून माप घ्या. बाल्कांवातील (घरापुढच्या ओसरीतील) आरामखुर्चीत घेतलेले माप चालणार नाही, कारण तिथे पाठ मागे रेलते आणि कमरेचा कोन बदलतो. पावले पायपट्टीवर टेकलेली असू द्या.

१. कमर आणि नितंब. बसल्यावर दोन्ही घेर वाढतात; वाढ किती हे प्रत्येकाचे वेगळे असते, म्हणून उभ्या मापात अंदाजाने भर घालू नका. टेप अंगाखालून सरकवणे शक्य नसेल तर एका बाजूच्या खुर्चीच्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोटावरून टेप न्या आणि मागचा भाग वेगळा मोजून बेरीज करा.

२. आसन. पुढच्या कमरेच्या मध्यापासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत आणि मागच्या कमरेच्या मध्यापासून बैठकीपर्यंत अशी दोन मापे स्वतंत्र लिहा. या दोन आकड्यांतील फरक हाच सगळ्या कटिंगचा गाभा आहे. मागचे माप पुढच्यापेक्षा चांगलेच मोठे निघाले पाहिजे. तसे निघाले नाही तर टेप पुन्हा धरा.

३. पायाची लांबी. कमरेच्या बाजूपासून मांडीवरून गुडघ्याच्या वाटीवर आणि तिथून खाली घोट्यापर्यंत टेप वळवत न्या. गुडघा वाकल्यावर कापड वर ओढले जाते, हे या मापात आपोआप धरले जाते.

४. पाठीची रुंदी. चाके स्वतः ढकलणाऱ्या माणसाला दोन्ही हात चाकांवर ठेवायला सांगा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत पाठीवरून मोजा. हात मांडीवर ठेवून घेतलेल्या मापाचा शर्ट पहिल्याच चढावर मुंढ्यात उसवतो, आणि आपल्याकडे रस्ते चढ-उताराचेच आहेत.

५. पक्षाघात झालेल्यांचे दोन्ही दंड आणि दोन्ही खांदे वेगवेगळे मोजा. एक खांदा खाली उतरलेला असू शकतो आणि हाताला सूजही असू शकते. सूज असेल तर सायंकाळी मोजा, कारण लटकत्या हाताची सूज दिवसभरात वाढते.

इशारा: दुखऱ्या हाताला धरून वर उचलू नका. पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल पडलेला असू शकतो आणि ओढल्याने तो दुखावतो. हात उशीवर ठेवूनच मोजा.

टप्पा ३: कापड आणि सामान

कापडाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मऊ सुती किंवा सुती मिश्रणाचे, थोडे ताणले जाणारे कापड घ्या आणि कापण्यापूर्वी ते भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या, म्हणजे आटण्याची भीती राहत नाही. जून ते सप्टेंबर जाड डेनिम आपल्या हवेत दोन दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर शिवणीवर दिवसभर बसणे त्वचेला घातक असते, म्हणून व्हीलचेअरसाठी जाड कापड मी पावसाळ्यात घेतच नाही.

सामानाबाबत मात्र चोखंदळ राहा. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडी हूक आणि स्वस्त धातूची चेन गंजते, गंजाचे डाग कपड्यावर बसतात आणि गंजलेली चेन एका हाताने ओढता येत नाही. नायलॉनची चेन, प्लास्टिकची किंवा न गंजणारी टिचबटणे (दाबून लागणारी बटणे), एक इंच रुंद वेल्क्रो, मऊ रुंद इलॅस्टिक, बायस पट्टी (तिरकी कापलेली कापडी पट्टी) आणि कच्च्या कपड्यासाठी दोन-तीन मीटर मांजरपाट (साधे, कोरे सुती कापड) एवढे पुरे. मांजरपाट वाचवण्याचा मोह आवरा.

लोहचुंबकाची बटणे दिसायला सुंदर आणि लावायला सोपी असतात. परंतु ज्यांच्या छातीत पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेले आहे त्यांच्या शर्टाला ती लावू नका. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून वहीवर लाल शाईने लिहून ठेवा.

टप्पा ४: पँटची कटिंग

नेहमीची कागदी कटिंग समोर ठेवा आणि तिच्यात पुढील बदल याच क्रमाने करा. येथील आकडे सुरुवातीचे आहेत. अंतिम आकडा तुमची मापे आणि मांजरपाटाचा कपडा ठरवील.

१. मागच्या भागाची कमर मध्यभागी दीड ते अडीच इंच वर न्या आणि ती बाजूच्या शिवणीकडे तिरकी उतरवा.

२. पुढच्या भागाची कमर मध्यभागी एक ते दीड इंच खाली घ्या. पोटाजवळचा गठ्ठा यानेच जातो. फक्त मागचा भाग उंच करून पुढचा तसाच ठेवणे ही सर्वाधिक आढळणारी अर्धवट दुरुस्ती आहे.

३. पुढच्या भागात कमरेला सपाट पट्टी ठेवा, इलॅस्टिक केवळ मागे घाला. कमरेभोवती पूर्ण इलॅस्टिक घातले की पुढे चुण्या पडतात आणि पोट दाबले जाते.

४. मागचे खिसे काढून टाका. खिशाची पट्टी, बटण, रिबिट, जाड शिवण यांपैकी काहीही माणसाच्या बुडाखाली येता कामा नये. खिसे हवेतच; ते मांडीच्या वर, गुडघ्यापासून हातभर अलीकडे, वरून तिरक्या तोंडाचे करा म्हणजे मोबाईल सरकून पडत नाही.

५. आसनाच्या जागी जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे गाठ होते. तिथे पतंगाच्या आकाराची कळी, म्हणजे जोडायचा कापडाचा तुकडा, लावा, म्हणजे गाठ विखुरते. आतल्या शिवणी चपट्या करा आणि दाब टीप मारा.

इशारा: माणसाला खुर्चीतून गाडीत बसवताना नातेवाईक हमखास पँटच्या कमरेला धरून उचलतात. पट्ट्याची लूप त्यासाठी नसते; ती तुटली की माणूस पडतो. लूप शिवणार नसाल तर सांगून टाका. शिवणार असाल तर ती धरायची नाही हेही सांगा.

लघवीची पिशवी पोटरीला बांधलेली असेल तर त्या पायाच्या बाजूच्या शिवणीत मोहरीपासून वर सुमारे बारा इंच चेन घाला, म्हणजे पिशवी बसल्या जागी रिकामी करता येते. चेनीच्या आतून कापडाची झडप द्या. नळी जाते त्या मांडीच्या भागात कापड सैल हवे. नळीला पीळ पडला किंवा ती चेपली तर लघवी तुंबते, आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवरच राहिली पाहिजे. एका गिऱ्हाइकासाठी मी अशी चेन मांडीवर दिली होती. दिसायला ती नीट होती, पण बसल्यावर नेमकी नळीवर दुमडत होती. ती उसवून खाली नेली.

टप्पा ५: शर्ट, कुर्ता, ब्लाऊज

बसलेल्या माणसाच्या शर्टाचा पुढचा भाग मांडीवर गोळा होतो, म्हणून तो दोन ते तीन इंच आखूड करा. मागचा भाग बैठकीला टेकेल इतकाच ठेवा. कुर्त्याचा लांब मागचा पल्ला अंगाखाली दडपून त्याच्या चुण्यांवर बसणे टाळायचे आहे. लांब कुर्ता हवाच असेल तर मागे मध्यभागी कमरेपर्यंत काप द्या, म्हणजे दोन्ही बाजू मांड्यांच्या कडेला सोडता येतात. चाके ढकलणाऱ्यांच्या बाह्या पाऊण ठेवा किंवा मनगटाशी हलके इलॅस्टिक द्या. मोकळी बाही चाकाला घासून काळी होते.

एका हाताने घालायच्या कपड्याचा नियम घरच्यांनाही पाठ करायला लावा: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. शिवणकामही याला धरून करायचे. दुखऱ्या बाजूचा मुंढा एक ते दीड इंच खोल आणि बाही सैल ठेवा, त्या बाहीच्या आत अस्तर किंवा उघडी मार्जिन ठेवू नका. आत वळलेली बोटे तिथेच अडकतात. हात फारच ताठर असेल तर खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत वरची शिवण उघडी ठेवून टिचबटणे लावा. काखेत एक कळी घातली की मुंढा खोल करूनही ब्लाऊज ढगळ दिसत नाही.

मागून उघडणारा कपडा हा वादाचा विषय आहे. अंथरुणाला खिळलेल्या, दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घेणाऱ्या माणसाला तो फार सोयीचा असतो. पाठीवर दोन्ही पल्ले एकमेकांवर सहा ते आठ इंच चढले पाहिजेत आणि बटणे खांद्यावर आली पाहिजेत, पाठीच्या मध्यावर नव्हे. परंतु जो माणूस धडपडत का होईना स्वतः कपडे घालतो, त्याला असा कपडा देऊ नका. सुश्रूषा करणाऱ्याचे काम हलके होते आणि त्या माणसाच्या हातातले एक काम जाते. घरच्यांनी आग्रह धरला तरी मी आधी त्या व्यक्तीलाच विचारते.

टप्पा ६: साडी आणि पदर

साडीबाबत प्रथम धोका सांगते. पदर किंवा ओढणी चाकात गुंतली तर गळ्याला किंवा खांद्याला ओढ बसते आणि खुर्ची तिथेच थांबते. पदर आखूड असावा आणि खांद्यावर पक्का टाचलेला असावा. तो चाकाच्या बाजूला सोडू नका, पुढे मांडीवर आणा.

बसून नेसण्यासाठी साडेपाच मीटरची साडी दोन भागांत शिवता येते. कापण्यापूर्वी साडी त्या व्यक्तीभोवती बसल्या स्थितीत पिनांनी लावून पाहा, कारण जुनी, आठवणीची साडी एकदा कापली की परत जोडता येत नाही. खालच्या भागाला मागे इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी देऊन निऱ्या त्यावर शिवून टाका. निऱ्या मधोमध न घेता थोड्या बाजूला घ्या म्हणजे मांड्यांमध्ये दबत नाहीत. अंगाखाली येणारा भाग एकपदरी ठेवा. पदराचा भाग वेगळा शिवून कमरेला दोन आणि खांद्याला एक टिचबटणाने जोडा. आरतीला बसलेल्या बाईच्या साडीत टिचबटणे आहेत हे शेजारणीलाही कळत नाही.

टप्पा ७: कच्चा कपडा

मांजरपाटाचा कपडा कच्च्या टाक्यांनी जोडून त्या व्यक्तीला घालायला द्या. आरशापुढे दोन मिनिटे पाहून ‘छान’ म्हणणे म्हणजे चाचणी नव्हे. तीन वेळा घालणे, तीन वेळा काढणे, खुर्चीतून पलंगावर जाणे आणि सलग दोन तास बसणे एवढे झालेच पाहिजे.

तपासा: दोन तासांनी कपडा काढून बुडाची हाडे, माकडहाड, कंबरेच्या बाजू आणि घोटे घरच्या माणसाकडून पाहून घ्या. शिवणीचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही तर ती शिवण तिथून हलवा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. तिथे हात फिरवून ती जागा गरम किंवा टणक लागते का ते पाहावे. ज्यांना खालच्या अंगाची संवेदना नाही त्यांना दुखत नाही, म्हणून ‘काही टोचत नाही’ या उत्तरावर विसंबू नका.

इशारा: पाठीच्या वरच्या भागात, म्हणजे छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्यावर, मज्जारज्जूला इजा झालेल्यांमध्ये घट्ट कमर, आवळलेला पट्टा किंवा चेपलेली नळी यांनी रक्तदाब अचानक चढू शकतो. डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर त्यांना ताठ बसवा, सगळे कपडे सैल करा, नळी तपासा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. चाचणी तिथेच थांबवा.

टप्पा ८: आता बंद

इथवर आलात की कोणता बंद हवा हे वहीतच लिहिलेले सापडेल.

वेल्क्रो एक हात चालणाऱ्यांना उपयोगी, पण लांब सलग पट्टी लावू नका. ती एका हाताने सरळ बसत नाही आणि वाकडी बसली की सगळी सोडावी लागते. दीड दीड इंचाचे तुकडे अंतराने लावा. खरखरीत बाजू खालच्या पट्टीवर, तोंड बाहेर करून शिवा, म्हणजे ती त्वचेला लागत नाही. वर दिसायला नेहमीची बटणे टाका. काज बंद शिवलेले, बटण नुसते शोभेचे. वेल्क्रो उघडताना आवाज होतो आणि शांत कीर्तनात तो सगळ्या मंडपाला ऐकू जातो. आईने यावरून एकदा मला चांगलेच सुनावले होते. बाहेर जायच्या कपड्यांना मी आता टिचबटणेच लावते.

टिचबटण दाबायला बोटांत जोर लागतो. संधिवात असेल तर ते नको. चेनीच्या टोकाला जाड कडी किंवा नाडीचा फास बांधा, त्यात बोट अडकवून ती ओढता आली पाहिजे, आणि चेन खालून अडकवून धरण्यासाठी तळाशी आणखी एक फास द्या. मनगटाची बटणे इलॅस्टिकच्या दोऱ्याने शिवली की ती न उघडता हात आत जातो.

पल्ला डावीकडून उजवीवर की उलट, हे रिवाजावर सोडू नका. दोन्ही प्रकारे पिना लावून त्या माणसाला बंद करून पाहायला सांगा; ज्या दिशेने हात कमी वळतो ती दिशा घ्या.

टप्पा ९: पावसाळी झूल

नेहमीचा रेनकोट व्हीलचेअरवर निरुपयोगी असतो: मांड्यांवर तळे साचते आणि मागचा भाग अंगाखाली ओला होतो. डोक्यावरून घालायची झूल शिवा. पुढून ती गुडघ्यांवरून पावलांपर्यंत पोहोचली पाहिजे, मागून खुर्चीच्या पाठीवरून हातभरच खाली यावी आणि बाजूंनी चाकांच्या आतच थांबावी. चाके ढकलणाऱ्यांसाठी बाजूंना हात बाहेर काढायला झडपेचे काप द्या. शिवणींवर आतून चिकटपट्टी लावा. चाकांवर लोंबणारी झूल चाकाच्या आऱ्यांत गुंतते, म्हणून खुर्ची पुढे-मागे ढकलून पाहिल्याखेरीज ती घरी देऊ नका.

टप्पा १०: धुणे, नोंद, मुदत

कपडा हाती देण्यापूर्वी तीन वेळा धुवा. वेल्क्रो बंद करूनच धुवायचा, नाहीतर त्यात तंतू भरून तो धरेनासा होतो. हे घरच्यांना लिहून द्या. तीन धुण्यांनंतर चेन एका बोटाने ओढली जाते का आणि मागचे इलॅस्टिक सैल पडले का, ते पाहा.

चतुर्थी, लग्नसराई किंवा पणजीचा पर्पल फेस्ट (दिव्यांगांचा महोत्सव) डोळ्यांसमोर ठेवून काम येते तेव्हा मी महिनाभर आधी माप घेते. दोन चाचण्या आणि एक दुरुस्ती याहून कमी वेळात होत नाही. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात असे काम घेऊ नका. दोन्ही चाचण्यांसह मजुरी आधीच ठरवा.

कागदी कटिंगवर नाव न लिहिता खूण, तारीख, खुर्चीची आणि उशीची जाडी लिहा आणि दमट भिंतीपासून दूर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. उशी बदलली, वजन बदलले किंवा सहा महिने उलटले की टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करावी. जुन्या कटिंगवरून दुसरा कपडा कापू नये.